दगडी घर आवडलं, पण सांडपाणी जातं कुठे?

वाचकांचे प्रश्न. या वेळी: फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतली जुनी घरं

प्रश्न: जेर जिल्ह्यातलं एक जुनं शेतघर 1,45,000 युरोला विकायला आहे. जाहिरातीत किमतीपुढे ‘एफएआय’ लिहिलंय. वरचा खर्च किती धरायचा? – स. क., तुलूझ

उत्तर: एफएआय म्हणजे एजंटची फी त्या आकड्यातच धरली आहे. पण ती फी विकणाऱ्याच्या नावावर आहे की घेणाऱ्याच्या, हे बारीक अक्षरात खाली दिलेलं असतं, ते वाचा. समजा फी 9,000 आहे आणि ती घेणाऱ्याकडे आहे, तर नोंदणीचा कर 1,36,000 वरच बसतो. विकणाऱ्याकडे असेल, तर पूर्ण 1,45,000 वर. फरक साडेपाचशे युरोंच्या आसपास पडतो.

नोटेर म्हणजे खरेदीखत करून नोंदवणारा सरकारमान्य कायदेतज्ज्ञ. जुन्या घरावर ‘नोटेरची फी’ म्हणून 7 ते 8 टक्के सांगतात. त्यातला मोठा भाग सरकारी कर असतो, नोटेरच्या खिशात थोडंच जातं. एप्रिल 2025 पासून जिल्ह्यांना आपला कर 4.5 वरून 5 टक्क्यांपर्यंत वाढवायची मुभा आहे आणि बहुतेकांनी ती वापरली आहे. पहिलंच घर स्वतः राहायला घेणाऱ्यांना मात्र ही वाढ लागत नाही. तुम्ही 11 हजार युरो बाजूला ठेवा. विकणाऱ्यानेही स्वतःचा नोटेर नेमला तरी तुमची फी वाढत नाही, दोघे तीच वाटून घेतात. म्हणून तुमचा नोटेर तुम्ही वेगळा नेमा.

आणि भाव सांगण्याआधी सरकारचा डीव्हीएफ नकाशा उघडा. गेल्या 5 वर्षांतल्या प्रत्यक्ष खरेदीखतांच्या किमती त्यात प्लॉटनिहाय फुकट दिसतात. खेड्यात एकाच व्यवहारात घर, गोठा आणि शेत एकत्र विकलं जातं, तेव्हा आकडा नुसत्या घराचा समजू नका.

प्रश्न: दोर्दोन्यमध्ये घर पसंत पडलंय. सेप्टिक टँक ‘नियमाप्रमाणे नाही’ असा अहवाल आहे. एजंट म्हणतो, इथे सगळ्यांचं असंच असतं. – प्र. द., रॉटरडॅम

उत्तर: एजंट खोटं बोलत नाही, पण पैसे तुमचे जाणार आहेत. जिथे गटाराची लाइन नाही तिथे ‘स्पांक’ ही स्थानिक सरकारी सेवा टाकी तपासते. विक्रीच्या वेळी हा अहवाल 3 वर्षांच्या आतला लागतो. दोष निघाला आणि तो विकणाऱ्याने काढला नाही, तर खरेदीखत झाल्यापासून 1 वर्षात काम करून घेण्याची जबाबदारी नव्या मालकावर येते. नवीन व्यवस्थेला साधारण 8 ते 15 हजार युरो लागतात. जागा चढावर असेल आणि पंप बसवावा लागला, तर त्याहून जास्त. ही रक्कम किमतीतून वजा करायला सांगा. अहवाल हातात असल्यामुळे घासाघीस करायला याहून भक्कम मुद्दा मिळणार नाही.

जुन्या टाक्यांत बहुधा फक्त संडासाचं पाणी जायचं. मोरी आणि स्वयंपाकघराचं पाणी सरळ नाल्यात सोडलेलं असे. आता सगळं पाणी एकाच टाकीत यावं लागतं. 5 मुख्य खोल्यांपर्यंतच्या घराला किमान 3 घनमीटरची टाकी, आणि तिच्यापुढे जमिनीखाली पाणी मुरवणारे चर. हे चर घरापासून 5 मीटर आणि हद्दीपासून 3 मीटर दूर ठेवतात. पिण्याच्या विहिरीपासून 35 मीटर सोडावे लागतात. खरी अडचण इथेच होते: गावाच्या मधोमध, अंगण नसलेल्या घराला एवढी जागा आणायची कुठून? अशा वेळी कॉम्पॅक्ट फिल्टर (कमी जागेत पाणी गाळून साफ करणारी पेटी) किंवा मायक्रो स्टेशन (हवा सोडून जिवाणूंकडून सफाई करून घेणारं छोटं यंत्र) सुचवतात. तुम्ही वर्षातून फक्त 6 ते 8 आठवडे येणार असाल, तर हवेवर चालणारं मायक्रो स्टेशन घेऊ नका. घाण खाणारे जिवाणू रिकाम्या घरात उपाशी मरतात. कॉम्पॅक्ट फिल्टर अशी सुट्टी सहन करतो.

घर बघायला जाल तेव्हा टाकीचं झाकण उघडायला सांगा. झाकण सापडतच नाही असं उत्तर आलं, तर तेही लिहून ठेवा. कोरड्या उन्हाळ्यात एखाद्याच पट्ट्यावर गवत हिरवंगार दिसलं, तर खाली पाणी तुंबतंय. गावच्या कचेरीत सांडपाण्याचा झोन नकाशाही बघा. येत्या काळात गटाराची लाइन येणार असेल, तर ती सुरू झाल्यावर साधारणपणे 2 वर्षांत जोडणी सक्तीची असते. मग टाकीवर 12 हजार घालून उपयोग काय?

प्रश्न: लिमूझँमध्ये 2 हेक्टर जमिनीसह दगडी कोठार स्वस्तात मिळतंय. त्याचं घर करायचा विचार आहे. – अ. व मे. ज., लियाँ

उत्तर: घाई नको. आज ते कोठार म्हणजे शेतीची इमारत आहे. शेती किंवा निसर्ग झोनमध्ये त्याचं घर करायचं तर गावाच्या विकास आराखड्यात त्या इमारतीवर तशी खूण हवी. नसेल तर दगड कितीही सुंदर असले तरी परवानगी मिळणं अवघड. ‘सेर्तिफिका द्युर्बानिझ्म’ नावाचं प्रमाणपत्र गावच्या कचेरीतून काढा. दोन प्रकार असतात. नुसत्या माहितीचं महिन्याभरात मिळतं. तुम्हाला हवं ते दुसरं, ज्यात तुमचं नेमकं काम तिथे होऊ शकेल का ते लिहून मिळतं. त्याला 2 महिने लागतात. ते 18 महिने चालतं. करारात ‘हे प्रमाणपत्र अनुकूल आलं तरच’ अशी अट घालून घ्या. एकूण क्षेत्रफळ 150 चौ. मी.च्या वर जाणार असेल तर आर्किटेक्ट सक्तीचा. जवळ 500 मीटरवर ऐतिहासिक चर्च किंवा किल्ला असला, तर कौलांपासून खिडकीच्या रंगापर्यंत सरकारी वास्तुरचनाकाराचं मत येतं.

शेतजमीन असल्यामुळे ‘साफेर’ या संस्थेला आधी घेण्याचा हक्क असतो. नोटेर तिला कळवतो आणि तिला उत्तरासाठी 2 महिने असतात. शेजारच्या तरुण शेतकऱ्याला ती जमीन लागत असेल, तर साफेर मध्ये पडू शकते. शिवाय हद्द. फ्रान्सचा कादास्त्र, म्हणजे जमिनीचा सरकारी नकाशा आणि नोंद, हा आपल्या सातबाऱ्यासारखा मुळात महसुलासाठी केलेला आहे, त्यावरून हद्द सिद्ध होत नाही. खुंट्या लावून घ्यायच्या तर परवानाधारक भूमापक बोलवावा लागतो. कोठारापर्यंतची वाट दुसऱ्याच्या शेतातून जाते का, हेही त्यातच कळेल. जात असेल तर तो हक्क खरेदीखतात लिहिलेला हवा, ‘आजवर कोणी अडवलं नाही’ एवढ्याने भागत नाही.

प्रश्न: भिंतीला तडे आहेत. घाबरायचं का? – र. पां., बोर्दो

उत्तर: खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, पायऱ्यांसारखी जाणारी आणि 2 मि.मी.पेक्षा रुंद भेग असेल, तर हो. नैऋत्य भागात चिकणमाती दुष्काळात आकसते, पावसात फुगते आणि पाया हलतो. ‘जेओरिस्क’ या सरकारी नकाशावर प्लॉटच्या धोक्याची पातळी बघा. विकणाऱ्याने नैसर्गिक आपत्तीची विमा भरपाई घेतली असेल, तर ते त्याला लेखी सांगावंच लागतं. पैसे घेऊन दुरुस्ती केली का, ते बिलांवरून पडताळा.

सिमेंटच्या गिलाव्याकडेही बघा. दगडी भिंतीला चुन्याचा गिलावा हवा. सिमेंटने ओल आत कोंडते, खालच्या मीटरभर उंचीवर मिठासारखी पांढरी पूड फुटते. तो उतरवून पुन्हा चुना करणं महाग पडतं, पण एकदा ओल बाहेर पडू लागली की भिंत स्वतःच सुकते. वाळवीचा अहवाल फक्त 6 महिने चालतो. पहिल्या करारातला अहवाल खरेदीखतापर्यंत शिळा होणार नाही ना, ते तपासा. घराची ऊर्जा श्रेणी (ए सर्वात चांगली, जी सर्वात वाईट) ई, एफ किंवा जी असेल तर स्वतंत्र घराच्या विक्रीला ऊर्जा ऑडिट लागतं. जी श्रेणीचं घर राहायला म्हणून नव्याने भाड्याने देता येत नाही. एफची पाळी 2028 ला.

प्रश्न: एजंट ‘आजच ऑफर सही करा’ म्हणतो. अडकू का? – ने. शि., पॅरिस

उत्तर: ऑफरसोबत पैसे मागितले तर देऊ नका, कायद्याने तसं चालत नाही. पुढचा टप्पा ‘काँप्रोमी’, म्हणजे खरेदीखताआधीचा पहिला करार. राहत्या घराच्या काँप्रोमीनंतर तुम्हाला 10 दिवस मिळतात. रजिस्टर्ड पत्र पहिल्यांदा दारात आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते मोजतात. कारण न देता माघार घेता येते आणि नोटेरकडे ठेवलेली 5 ते 10 टक्के रक्कम परत मिळते. नुसत्या शेतजमिनीला हे 10 दिवस नाहीत. कर्ज मिळालं नाही तर सुटका, ही अट तुम्ही कर्ज घेणार असाल तेव्हाच लागू होते. रोखीने घेतो असं लिहून दिलंत तर ती सोडल्यासारखं होतं. काँप्रोमी ते खरेदीखत साधारण 3 महिने.

प्रश्न: शेजारी गोठा आहे, पहाटे कोंबडे आरवतात. तक्रार करता येईल? – अ. ना., नाँत

उत्तर: फारशी नाही. जानेवारी 2021 च्या कायद्याने गावचे आवाज आणि वास हा वारसा मानला आहे, आणि एप्रिल 2024 च्या कायद्यानुसार, तुम्ही येण्याआधीपासून नियमात चालू असलेल्या कामाबद्दल शेजाऱ्यावर दावा टिकत नाही. घर एकदा सकाळी 6 ला आणि एकदा रविवारी बघून या.

प्रश्न: पुण्यात राहून फ्रान्समध्ये सुट्टीचं घर घेता येईल का? – सौ. वि. गो., पुणे

उत्तर: घेता येतं. एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली माणशी वर्षाला 2,50,000 डॉलरपर्यंत पाठवता येतात, घरातली माणसं एकत्र रक्कम पाठवू शकतात. 10 लाख रुपयांवरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस (पाठवतानाच गोळा केला जाणारा कर) कापला जातो, तो आयकर विवरणपत्रात परत धरता येतो, पण रोख हातात ठेवावी लागते. ते घर दरवर्षी विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवा. तक्ता विसरला तर दंड जबर आहे.

घर घेतलं म्हणून राहण्याचा हक्क मिळत नाही. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच. मुख्य घराचा निवासकर फ्रान्सने उठवला, सुट्टीच्या घराला तो आजही आहे, शिवाय मालमत्ता कर. फ्रेंच येत नसेल तर खरेदीखताला दुभाषी लागेल, त्याची फी वेगळी. आणि वारस: तिथला कायदा लागू झाला तर एक मूल असल्यास निम्मा, दोन असल्यास दोन तृतीयांश, तीन किंवा जास्त असल्यास तीन चतुर्थांश वाटा मुलांसाठी राखीव असतो. सगळं घर पतीच्या किंवा पत्नीच्या नावे, असं इथल्यासारखं मृत्युपत्र तिथे टिकेलच असं नाही. हे खरेदीखत होण्याआधी नोटेरला विचारा. मालकी कुणाच्या नावे आणि कशी लिहायची, ते नंतर बदलायचं म्हटलं तर पुन्हा फी आणि कर भरावे लागतात.