शाळेच्या प्रकल्पासाठी 'ऊर्जा आणि आघात' हा विषय मुलांना स्वतः करून कसा समजेल?

तुमची मुलगी आठवीत आहे, शाळेने 'ऊर्जा आणि आघात' हा विषय दिलाय, आणि दुकानात मिळणारं तयार मॉडेल घ्यावं का, असा तुमचा प्रश्न आहे. घेऊ नका. मी शाळेत विज्ञान शिकवते. तयार मॉडेल आणलं की मुलांच्या वाट्याला पाठ केलेलं भाषणच उरतं, हे मी प्रदर्शनांत बघत आलेय आणि दर वेळी वाईट वाटतं. या विषयाला लागतं ते सामान घरात आणि गल्लीच्या टोकाच्या गॅरेजमध्ये मिळेल.

एक घमेलं घ्या. चाळलेली, कोरडी, बारीक वाळू त्यात सात-आठ सेंटिमीटर भरा आणि वरून पांढऱ्या रांगोळीचा पातळ थर द्या. गॅरेजमधून बेअरिंगचा एक मोठा छर्रा मागून आणा. तो १०, २०, ४०, ८० आणि १६० सेंटिमीटरवरून सोडायचा. सोडायचा म्हणजे फक्त बोटं उघडायची, ढकलायचा नाही. खड्ड्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतचं अंतर कंपासपेटीतल्या डिव्हायडरने मोजा, पट्टी लावायला गेलात तर काठ ढासळतो. मोजून झालं की छर्रा लोहचुंबकाने उचला. प्रत्येक वेळी वाळू हलवून मोकळी करायची आणि पुन्हा सपाट करायची. हे टाळलं तर वाळू दबून घट्ट होते आणि आकडे फसवतात. प्रत्येक उंचीवरून पाच वेळा टाकून सरासरी काढा.

सुरू करण्याआधी मात्र मुलीला अंदाज लिहून ठेवायला सांगा: १६० सेंटिमीटरवरून पडलेल्या छर्‍याचा खड्डा १० सेंटिमीटरवाल्याच्या किती पट रुंद असेल? बहुतेक मुलं सोळा पट म्हणतात, काही चार पट म्हणतात. प्रत्यक्षात तो साधारण दुप्पटच भरतो. या प्रकल्पातली सगळ्यात मोलाची जागा हीच. इथे घाईने उत्तर सांगू नका, तिला विचार करू द्या.

हिशोब असा आहे. १० सेंटिमीटरवरून पडणारा छर्रा वाळूला टेकतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला १.४ मीटर असतो, १६० वरून ५.६ मीटर. वेग चौपट, आणि गतिज ऊर्जा (गतीमुळे असलेली ऊर्जा) वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती सोळा पट. आता खड्डा दुप्पट रुंद करायचा तर लांबी, रुंदी, खोली तिन्ही दुप्पट, म्हणजे आठपट वाळू हलवायची. आणि ती काढून दुप्पट उंच नेऊन टाकायची. आठ गुणिले दोन, सोळा. सगळी ऊर्जा वाळू उचलण्यातच जाते असं नाही, कणांच्या घर्षणात बरीच खर्च होते, पण नातं साधारण असंच राहतं. आठवीच्या मुलीला हे बोटांवर मोजता येतं आणि कुठल्याही सूत्राचं पाठांतर लागत नाही.

वेळ असेल तर दुसरा भागही कराच, मला तो जास्त आवडतो. अठराव्या शतकात युरोपात मोठा वाद होता: आघाताचं मोजमाप वस्तुमान गुणिले वेग, की वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग? हॉलंडमधल्या लायडनच्या ग्राव्हेसांडे यांनी १७२० च्या दशकात पितळी गोळे मऊ मातीत टाकून खड्डे तपासले आणि कौल वेगाच्या वर्गाकडे गेला. पुढे १७४० मध्ये फ्रान्सच्या एमिली द्यू शातले यांनी आपल्या भौतिकशास्त्राच्या ग्रंथात हीच बाजू मांडली. हा वाद तुमच्या स्वयंपाकघरात शाडूवर तपासता येतो. एकाच आकाराची काचेची गोटी आणि लोखंडी छर्रा घ्या, छर्रा साधारण तिप्पट जड असतो. मऊ मळलेल्या शाडूवर छर्रा २० सेंटिमीटरवरून टाका. गोटीने तेवढाच खड्डा पाडायला किती उंची लागेल? वस्तुमान गुणिले वेग हे मोजमाप खरं असेल तर तिप्पट वेग हवा, त्यासाठी उंची नऊपट, म्हणजे १८० सेंटिमीटर. वेगाच्या वर्गाचं मोजमाप खरं असेल तर तिप्पट उंची, म्हणजे ६० पुरतात. दोन्ही उंचींवरून गोटी टाकून कुठला खड्डा छर्‍याच्या खड्ड्याशी जुळतो ते तिलाच ठरवू द्या.

आणि आपल्याकडे लोणार आहे! बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं, तेही दख्खनच्या बेसाल्टमध्ये. पूर्वी पुष्कळ जण त्याला ज्वालामुखीचं मुख समजत. तिथल्या खडकांत प्रचंड दाबाखालीच तयार होणारी मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली आणि अशनीच्या आघाताचा भक्कम पुरावा मिळाला. सेकंदाला २० किलोमीटर वेगाने येणाऱ्या १ किलो दगडात २० कोटी ज्यूल ऊर्जा असते. टीएनटी या स्फोटकाच्या १ किलोच्या स्फोटात सुमारे ४२ लाख. म्हणजे दगड त्याच वजनाच्या स्फोटकापेक्षा जवळपास ४८ पट ऊर्जा घेऊन येतो, नुसत्या वेगामुळे.

घमेल्यातला खड्डा म्हणजे छोटं लोणार, असं मात्र फलकावर लिहू देऊ नका. छर्रा वाळू ढकलतो. अशनीच्या वेगाला खडकात धक्कालहर, म्हणजे प्रचंड दाबाची लाट, जाते, अशनी स्वतःच बहुतांशी वितळून किंवा वाफ होऊन जातो आणि परिणाम स्फोटासारखा होतो. म्हणूनच तिरकस आलेल्या अशनीचं विवरही बहुधा गोलच असतं. छर्रा वाळूत तिरका फेकला तर खड्डा लांबट होतो, हे तिला करून बघता येईल आणि फरक स्वतःच्या शब्दांत सांगता येईल.

प्रदर्शनात टेबलावर घमेलं, शाडूचा गोळा, आलेख आणि कच्ची वही ठेवा. वहीत चुकलेला अंदाजही तसाच राहू द्या. परीक्षक आले की छर्रा त्यांच्याच हातात द्यायचा आणि टाकण्याआधी त्यांनाही अंदाज विचारायचा.