बंद पडलेला ट्रॅक्टर : दुरुस्ती, विक्री की भंगार?

प्रश्न थोडक्यात असा : ट्रॅक्टर २६ वर्षांचा, वडिलांनी घेतलेला. दोन वर्षं उघड्यावर उभा, इंजिन जाम. मेकॅनिकने इंजिन न उघडताच पूर्ण कामाचा अंदाज दिला आहे. बंद पडण्याआधी मागचे दोन्ही टायर नवे टाकले होते. घरच्या शेतात वर्षाला साधारण ७० तास काम असतं. दुरुस्त करावा, आहे तसा विकावा, की कर्ज काढून नवा घ्यावा?

टायरवर गेलेला पैसा आधी बाजूला ठेवा. आता काहीही ठरवलं तरी तो परत येणार नाही, म्हणून तो दुरुस्तीचं कारण होऊ शकत नाही. त्या टायरमुळे आज विक्रीला जे जास्तीचे पैसे येतील तेवढेच हिशेबात धरायचे.

इंजिन काम झालेल्या चालू ट्रॅक्टरची किंमत १०० भाग धरू. तुम्ही कळवलेल्या आकड्यांनुसार आहे तसा विकला तर ३५ मिळतात आणि दुरुस्तीचा अंदाज ४५ आहे. न उघडलेल्या इंजिनाच्या अंदाजावर मी २५ टक्के वर धरतो, म्हणजे ५६. शिवाय दुरुस्ती करायची म्हणजे हातात येणारे ३५ सोडायचे. एकूण ९१ झाले. १०० ला विकून ९ च उरतात, विकण्यासाठी एवढं काम काढण्यात अर्थ नाही.

स्वतःच्या कामासाठी ठेवायचा तर? या ९१ चे सहा वर्षांनी विकून ४५ येतील असं धरलं तर घसारा (किमतीतली घट) वर्षाला ८ च्या आसपास, सरासरी ६८ भाग अडकतात त्यावर ८ टक्क्यांनी व्याज ५, देखभाल ५, विमा-बॅटरी वगैरे २. वर्षाला २० भाग. भाड्याच्या ट्रॅक्टरच्या तासाच्या दरातून तुमचं डिझेल आणि चालक वजा करून ०.२ भाग उरत असेल, तर २० भाग वसूल व्हायला १०० तास लागतात. तुमचे ७० तास भाड्याने १४ भागांत होतात, म्हणजे विकून भाड्याने काम करून घेणं स्वस्त. फक्त एक तपासा : भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर न मिळाल्याने पेरणी लांबते का? त्या नुकसानीचा आकडा वर्षाला ६ भागांच्या वर जात असेल, तर उत्तर बदलतं.

पण विकण्याआधी निदानाचे वेगळे पैसे देऊन दोन-तीन दिवसांची तपासणी करून घ्याच. ‘जाम’ या शब्दात खूप काही लपतं. स्टार्टरचा दात अडकलेला असू शकतो, सायलेन्सरमधून पाणी शिरून एखाद्याच सिलिंडरमध्ये गंज धरलेला असू शकतो. चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) ड्रेन बोल्ट हळूच सैल करा. पाणी जड असल्याने तळाशी बसतं, ते आधी बाहेर येतं. पाणी आलं किंवा ऑइल दुधाळ दिसलं तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या झाकणाखालची पट्टी), लायनरची (सिलिंडरच्या आतल्या नळीची) सील किंवा तडा यांपैकी काहीतरी असू शकतं. ऑइलमध्ये चकचकीत कण दिसले तर बेअरिंग गेलेलं असू शकतं.

मग गिअर न्यूट्रलला ठेवून सगळे नोझल (डिझेल फवारणारे भाग) काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये २५-३० मिली डिझेल आणि पातळ ऑइलचं मिश्रण सोडा. दोन-तीन दिवसांनी क्रँकच्या (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) पुलीच्या नटावर लांब दांडा लावून पुढे-मागे हलवून पाहा. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चालू करायचा प्रयत्न अजिबात करू नका, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि छोटं काम मोठं होतं.

इंजिन फिरलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, मोजा. सिलिंडरांमधला फरक १५ टक्क्यांच्या आत आणि आकडे कंपनीच्या मर्यादेत असतील, तर पूर्ण काम काढायची गरज बहुधा नाही. समजा १५ भागांत सुटलं, २५ टक्के धरून १९, आणि चालू स्थितीत ८० ला गेला, तर हातात ६१ येतात. ३५ च्या जागी ६१, म्हणून निदानावर खर्च करा म्हणतो.

इंजिन उघडावंच लागलं तर अंदाज फोडून मागा : लायनर-पिस्टन-रिंग, बेअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड, पंप-नोझल, मजुरी. क्लच प्लेट आणि रेडिएटर बहुतेक वेळा यादीत नसतात आणि मध्येच निघतात. क्रँक आधी घासलेला असेल तर जुन्या बेअरिंगच्या पाठीवर ०.२५, ०.५० किंवा ०.७५ मिमी असा आकडा असतो. ०.७५ असेल तर क्रँक आधीच बराच घासलेला आहे आणि नव्या क्रँकचा खर्च समोर उभा राहू शकतो. तिथेच थांबा.

नवा ट्रॅक्टर ७० तासांसाठी नको. हप्ता तासांवर ठरत नाही, काम नसलेल्या महिन्यांतही भरावा लागतो. तरी एक्स्चेंजचा विचार असेलच, तर आधी जुना न देता नव्याची किंमत विचारा, जुन्याचं नाव नंतर काढा. दोन किमतींतला फरक हाच जुन्याचा खरा भाव.

भंगाराचा भाव शेवटी. त्याआधी टायर, पुढची वजनं, हायड्रॉलिक पंप, गिअरबॉक्स यांची सुट्या भागांची किंमत काढा. विकताना मात्र इंजिन खोलून भाग पोत्यात भरून ठेवू नका, गिऱ्हाईक गहाळ भागांची भीती धरूनच भाव पाडतं. आणि नोंदणी नव्या मालकाच्या नावावर झाल्याशिवाय ताबा देऊ नका, अपघात झाला तर जबाबदारी तुमच्याकडे येऊ शकते.

वडिलांची आठवण म्हणून ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, आणि ३५ भागांचा घरखर्च म्हणून लिहा. गुंतवणुकीच्या वहीत तो नको.