हात लावीन तिथे भुसा

गेल्या महिन्यात आपण हाताच्या फ्रेट सॉने, म्हणजे वळणं कापायच्या बारीक पात्याच्या करवतीने, जहाजाच्या मॉडेलच्या प्लायच्या बरगड्या कशा कापायच्या ते बघितलं, आणि त्यावर जी पत्रं आली त्यातली निम्मी एकच विचारतायत की आता मशीन कुठलं घेऊ. तर यावेळी फक्त छोटे टेबल सॉ, म्हणजे ज्यांच्या टेबलातून गोल पातं वर आलेलं असतं आणि लाकूड त्यावर ढकलायचं असतं ती मशीनं. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, नाराज होऊ नका.

प्रश्न : नुकताच रिटायर झालोय आणि आंग्र्यांच्या आरमारातल्या गुराब या लढाऊ जहाजाचं १:४८ स्केलचं मॉडेल करायला घेतलंय. फळ्यांसाठी शेकडो पट्ट्या लागणार आहेत, ब्लेडने कापून कापून दोन्ही अंगठे सोलून निघालेत. ऑनलाइन २४ वोल्टवर चालणारं एक छोटं टेबल सॉ स्वस्तात दिसतंय, प्रॉक्सॉन कंपनीचं त्याच्या कितीतरी पट महाग आहे, आणि भाचा इंटिरियरची कामं करतो तो म्हणतो, मामा, सरळ १० इंची घ्या, आयुष्याचं काम होईल. घर वन बीएचके, जागा म्हणजे गॅलरी. काय करू? (डोंबिवली)

भाच्याला प्रेमाने नाही म्हणा. त्याचं मशीन वाईट नाही, त्याच्या कामाला ते बरोबरच आहे, पण तुम्हाला कपाट करायचं नाहीये. १० इंची पातं जाताना अडीच ते तीन एमएम लाकडाचा भुसा करतं आणि तुम्हाला पट्टी पाहिजे सव्वा एमएमची, म्हणजे मालापेक्षा भुसा जास्त. हिशोब करून बघा. १:४८ मध्ये २५ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर जाड फळी म्हणजे तुमच्या टेबलावर ५.२ एमएम रुंद आणि सव्वा एमएम जाड पट्टी झाली. आता ५० एमएम रुंदीच्या लाकडातून अशा पट्ट्या काढायला बसलात तर अडीच एमएमच्या पात्याने जेमतेम १३ निघतील, आणि ०.६ एमएमच्या पात्याने २७. शिवणीचं चांगलं सुकलेलं लाकूड मिळवायला किती चपला झिजतात ते तुम्हाला माहितीच असेल. शिवाय मोठ्या मशीनच्या पात्याभोवतीची फट एवढी रुंद असते की तुमची पट्टी सरळ तिच्यात पडते, आणि मग आत काय होतं ते बघायला थांबू नये.

म्हणून मशीन बघायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा, मी जास्तीत जास्त किती जाडीचं लाकूड कापणार? वॅट, आरपीएम, फोटोतलं ॲल्युमिनियमचं चकचकीत टेबल, हे सगळं नंतर. तुमच्या बाबतीत उत्तर मजेशीर आहे. जाड ओंडक्यातून किंवा इंचभर फळीतून पातळ तक्ते काढणं हे एक काम, आणि त्या तक्त्यातून पट्ट्या काढणं हे दुसरं. पहिलं काम घरी करूच नका. वखारीत किंवा मोठं मशीन असलेल्या सुताराकडे जा आणि ५.२ च्या जागी साडेपाच-सहा एमएमचे तक्ते चिरून आणा, घरी सँडपेपरने घासून मापात बसवा. मग त्या तक्त्याच्या कडेने सव्वा-सव्वा एमएमचे काप घेत गेलात की रुंदी आपोआप ५.२ मिळते, तुम्हाला फक्त जाडी सांभाळायची. म्हणजे तुमच्या मशीनला सहा एमएमच्या वर जायचं कामच नाही!

आता प्रॉक्सॉन. केएस २३० म्हणून त्यांचं सगळ्यात छोटं आहे, ८५ वॅट, ५८ एमएमचं पातं, लाकूड साधारण ८ एमएमपर्यंत कापतं, टेबल एक वीतभरही नाही. एफईटी त्याच्यावरचं, २०० वॅट, २२ एमएमपर्यंत कापतं, पात्याची उंची कमी-जास्त होते, ४५ अंशात तिरकं होतं, आणि फेन्स एक दशांश एमएमने सरकवता येतो. फेन्स म्हणजे लाकूड जिला टेकवून ढकलायचं ती पट्टी, हे नवीन वाचकांसाठी. कागदावर तुमचं काम केएस २३० मध्ये बसतं. तरी पैसे असतील तर एफईटी घ्या असं मी म्हणेन, आणि ते ताकदीसाठी नाही, फेन्ससाठी. सव्वा एमएमच्या दोनशे पट्ट्या काढायच्या तर पहिली आणि दोनशेवी सारखी आली पाहिजे ना, नाहीतर गुराबच्या पोटाला लाटा दिसतात आणि त्या पॉलिश केल्यावर अजून उठून दिसतात.

२४ वोल्टवालं माझ्याकडे होतं. चार वर्षांपूर्वी ऑनलाइन घेतलं, ७७५ नंबरची डीसी मोटर, ६३ एमएमचं पातं, सोबत लॅपटॉपसारखा अडॅप्टर. त्या अडॅप्टरवर २४ वोल्ट ४ अँपिअर लिहिलंय, म्हणजे गणित करा, ९६ वॅट, आणि तेही आत जाणारे, पात्यापर्यंत पोचणारे त्याहून कमी. सागवानाचा दहा एमएमचा तुकडा लावला की मोटर कण्हायला लागायची. पण खरं दुखणं मोटर नव्हती, फेन्स होता. एका स्क्रूवर बसवलेला, आणि स्क्रू आवळला की मागचं टोक पात्याकडे सरकायचं. एक दिवस शिवणीची पट्टी कापताना ती मागच्या बाजूला पातं आणि फेन्स यांच्यात चेमटली, मागच्या दात्यांनी उचलली आणि सटकन माझ्या कानाजवळून गेली ती मागे फडताळातल्या स्टीलच्या डब्यावर. डब्याला पोचा आहे अजून, बायको पाहुण्यांना दाखवते. मी लाकडाच्या सरळ मागे उभा नव्हतो ही पुण्याई. ज्याच्याकडून घेतलं त्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं, प्रॉडक्ट वर्किंग कंडिशनमध्ये आहे सर. वर्किंग होतंच म्हणा, फेकायचं काम तर चोख केलं त्याने.

त्या दिवसापासून कुठलंही मशीन आलं की मी पहिल्यांदा हे करतो, तुम्हीही दुकानातच करून बघा. प्लग काढा. पात्याच्या एका दात्याला मार्करने खूण करा. तो दाता फिरवून पुढे आणा आणि फेन्सपासून वर्निअरने अंतर घ्या, मग तोच दाता फिरवून मागे न्या आणि परत घ्या. तोच दाता घ्यायचा, नाहीतर पातं थोडं वाकडं असेल तर तुम्ही त्याचंच माप घेत बसाल. दोन्ही आकडे सारखे पाहिजेत, मागे अगदी केसभर जास्त असलं तर चालतं, कमी असलं तर अजिबात नाही. मग फेन्स सैल करून परत आवळा आणि परत मोजा, असं चार-पाच वेळा. दरवेळी वेगळा आकडा आला तर ते मशीन दुकानदाराला परत द्या, त्याने चहा पाजला असला तरी.

तरी २४ वोल्टवालंच परवडतंय असं असेल तर घ्या, मी नाक मुरडणार नाही, पण ते तयार मशीन न समजता अर्धवट किट समजा. त्याचा फेन्स काढून टाका, ॲल्युमिनियमचा सरळ चौकोनी पाइप घ्या आणि दोन्ही टोकांना शिकंजे लावून आवळा. दरवेळी मापायला वेळ जातो पण हलत नाही.

पात्याबद्दल थोडं, कारण मशीनइतकंच ते महत्त्वाचं. बारीक दात्यांचं पातळ एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं) पातं, ज्याचे दाते डाव्या-उजव्या बाजूला वळवलेले नसतात, ते पातळ तक्त्यात लोण्यासारखा काप देतं, सँडपेपर मारायला लागत नाही. पण तेच जाड लाकडात घातलंत की दोन्ही बाजूंनी घासतं, भुसा दात्यांमध्ये अडकतो, गरम होतं आणि लाकूड काळं पडतं. जाड लाकडाला कार्बाइडचं, म्हणजे दात्यांच्या टोकांना कडक धातू बसवलेलं, कमी दात्यांचं. काप घेताना दोन-तीन दाते लाकडात असावेत हा ठोकताळा धरा. सोबत आलेलं पातं बहुतेक वेळा तडजोडीचं असतं, तेव्हा बजेट काढताना दोन पात्यांचे पैसे आधीच बाजूला ठेवा, आणि भोकाचा व्यास विचारून घ्या, प्रॉक्सॉनचं १० एमएम असतं, बाजारात सहज मिळणाऱ्या पात्यांचं तेवढं असेलच असं नाही.

आणि पात्याभोवतीची फट बंद करा, ही फुकटची सुधारणा आहे. एफईटीसारखं उंची बदलणारं मशीन असेल तर पातं पूर्ण खाली न्या, टेबलावर तीन एमएम प्लायचा सपाट तुकडा डबल टेपने चिकटवा, कडेने शिकंज्याने दाबा, मशीन चालू करून पातं हळूहळू वर घ्या. ते स्वतःपुरतीच फट कापतं आणि तुमच्या पट्ट्या आत पडायच्या बंद होतात. पातं लाकडाच्या वर फक्त एका दात्याएवढं दिसलं पाहिजे. लांब पट्टीला मागून आधार द्या, टेबलाच्या उंचीएवढी पुस्तकांची चळत चालते, जुने दिवाळी अंक उत्तम.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, बरगड्या यावर निघणार नाहीत. टेबल सॉ सरळ कापतो, बस. पात्यात लाकूड वळवायचा प्रयत्न केलात तर वर सांगितलेला डबा आठवा. त्याला फ्रेट सॉच.

प्रश्न : आमच्या सुताराने मार्बल कापायचा ४ इंची कटर प्लायखाली उलटा बसवून टेबल सॉ करून दिलाय. मस्त कापतो. यावर १:५० च्या वाड्याच्या मॉडेलसाठी खांब-तुळया कापू का? मुलगा नववीत आहे, तोही मदत करतो. (कोल्हापूर)

मुलाला आधी बाजूला करा, मग पुढचं वाचा.

तो कटर मिनिटाला बारा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतो. ११० एमएमचं पातं त्या वेगाने फिरलं की दात्याचा वेग ताशी जवळजवळ अडीचशे किलोमीटर होतो. एफईटीसारख्या छोट्या मशीनवर ८० एमएमचं पातं ७००० ने फिरतं, ताशी शंभराच्या थोडं वर, आणि तेही बोटाला पुरेसं आहे बरं का. तुमच्या मशीनवर गार्ड, म्हणजे पात्यावरचं झाकण, नाही, पात्याच्या मागे लाकडाची फट उघडी ठेवणारी पट्टी, जिला रायव्हिंग नाइफ म्हणतात, ती नाही, आणि स्विच लॉक करून ठेवलाय, म्हणजे काही झालं तर हात प्लायखाली घालून बंद करायचा! सुतार त्यावर रोज काम करतात हे मलाही माहितीये. त्यांच्यातल्या काहींची बोटंही मोजून बघा.

१:५० ला सहा इंची खांब म्हणजे तीन एमएमची काडी. तीन एमएमच्या काडीसाठी हे मशीन म्हणजे डास मारायला तोफ झाली. खांब-तुळयांचं एकूण काम किती आहे तुमचं, शंभर-दीडशे तुकडे? माइटर बॉक्स, म्हणजे करवत सरळ ठेवणाऱ्या खाचांची पेटी, आणि बारीक दात्यांची हातकरवत घ्या, एका टोकाला स्टॉपर म्हणून लाकडाचा ठोकळा चिकटवा, नववीतला मुलगा दोन रविवारांत सगळे एका मापाचे कापून देईल, आणि तुम्ही वाफाळता चहा पीत लक्ष ठेवा.

प्रश्न : आर्किटेक्चरला आहे. ॲक्रेलिक आणि प्लॅस्टिक शीट छोट्या टेबल सॉवर कापताना कड वितळून पात्याला चिकटते. पातं खराब आहे का? (नाशिक)

पातं नाही, वेग. ज्या मशीनवर स्पीड कमी करता येतो त्यावर कमी करा, आणि ढकलताना थांबू नका, थांबलात की त्याच जागी वितळतं. पातळ स्टायरीन (मॉडेलसाठी वापरतात ते प्लॅस्टिक शीट) असेल तर मशीनकडे जाऊच नका, ब्लेडने रेघ ओढा आणि मोडा, त्याहून सरळ कड कुठलंच मशीन देत नाही. एमडीएफ कापत असशील तर मास्क लाव, तो भुसा पिठासारखा बारीक असतो.

प्रश्न : न्यू जर्सीतून कायमचा ठाण्याला परत येतोय. तिथलं ४ इंची मॉडेलमेकर्स टेबल सॉ आहे, ११५ वोल्ट. ट्रान्सफॉर्मर लावून चालेल ना? (ठाणे, लवकरच)

मोटरवरची प्लेट वाचा. कार्बन ब्रशवाली युनिव्हर्सल मोटर असेल तर चांगला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या, मशीनच्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा, आणि निवांत चालवा. इंडक्शन मोटर असेल आणि प्लेटवर फक्त ६० हर्ट्झ असेल तर गोष्ट वेगळी. ट्रान्सफॉर्मर वोल्ट बदलतो, हर्ट्झ नाही, आणि आपल्याकडे ५० आहेत. मोटर सहात पाच इतक्या वेगाने फिरेल आणि जास्त तापेल. पातळ लाकडाला तो वेग खरं तर चालतो, तापणं चालत नाही. पाच-सात मिनिटं कापा, मोटरला हात लावून बघा, हात ठेववत नसेल तर थांबा. मशीन चांगलं असेल तर टेबल, फेन्स तसेच ठेवून नुसती मोटर इथली बसवून घ्या. फेन्स चांगला असताना मशीन मागे टाकून येऊ नका.

प्रश्न : गॅलरीत टेबल सॉ चालवतो तर खालच्या काकू तक्रार करतात. आवाज कमी करायचा उपाय? (पुणे)

मशीनखाली जाड रबर शीट टाका, टेबल भिंतीपासून सुटं ठेवा, दुपारी एक ते चार बंद. आणि काकूंना विचारा, तक्रार नक्की आवाजाची आहे की भुशाची, कारण माझ्या खालच्या मजल्यावर पापड वाळत होते. व्हॅक्यूमचा पाइप भुशाच्या तोंडाला लावा. बीच आणि सागवानाचा भुसा तुमच्या फुफ्फुसालाही चांगला नाही, लाकडाची धूळ कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहे, तेव्हा एन ९५ लावाच. हातमोजे मात्र घालू नका, पातं त्यांना धरून बोट आत ओढतं. सैल बाह्यांचा झब्बाही नको. आमच्या खालच्या काकूंना मी शेवटी शिवणीचा पोळपाट करून दिला, तेव्हापासून साडेचारनंतर कापायला परवानगी आहे.