ग्रुपमध्ये नव्यानं गाणाऱ्या मैत्रिणीला

आवाज तुझा चांगला आहेच, म्हणून तर निवड झाली. पण एकटीनं गाणं वेगळं आणि चौघींच्या आवाजात मिसळून गाणं वेगळं. हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे सूर मिळून गाणं, पुष्कळदा सुरापेक्षा उच्चारात बिघडते. एकीचा 'आ' उघडा, दुसरीचा मिटलेला असला, की दोघी सुरात असूनही कॉर्ड, म्हणजे एकत्र लागलेल्या सुरांचा मेळ, जुळल्यासारखी वाटत नाही. लांब स्वरावर शेजारणीच्या तोंडाकडे बघ, तिच्याइतकंच तोंड उघड. आवाजातला कंप कमी ठेव. शब्दाच्या शेवटचा 'स' सगळ्यांनी एकाच मात्रेवर सोडायचा, नाहीतर माइकवर नुसती फुसफुस ऐकू येते. आणि लांब ओळीत श्वास पाळीपाळीनं घ्या.

मधली पट्टी, म्हणजे वरच्या आणि खालच्या आवाजांमधली सुरावट, मिळाली म्हणून हिरमुसू नकोस. ऐकणाऱ्याला ती वेगळी कळत नाही, पण काढली की गाणं पोकळ होतं. मला तरी तीच सर्वांत सुंदर जागा वाटते.

दौऱ्यात पाणी आणि झोप सांभाळ. घसा बसला तर कुजबुजूही नकोस, गप्प राहा.

कराराकडे मात्र काणाडोळा नको. ग्रुपचं नाव कोणाच्या मालकीचं, गीतलेखनाच्या रॉयल्टीत तुझा वाटा किती, बाहेर पडल्यावर काय मिळणार, हे लेखी हवं. १९६७ मध्ये 'द सुप्रीम्स' या अमेरिकन गायिकांच्या ग्रुपचं नाव 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स' झालं आणि त्याच वर्षी संस्थापक गायिका फ्लॉरेन्स बॅलार्डला ग्रुपबाहेर जावं लागलं. रेकॉर्ड कंपनीचा नव्हे, स्वतःचा वकील गाठ आणि त्यानं वाचल्यावरच सही कर.