अपंगत्व पेन्शन: हक्क कधीपासून, पैसे कधीपासून?

प्रश्न: वडील सैन्यात शिपाई होते. नऊ वर्षं नोकरी झाल्यावर १९९८ मध्ये फिट्समुळे मेडिकल बोर्ड (लष्करी डॉक्टरांची तपासणी समिती) होऊन घरी आले. बोर्डाने अपंगत्व ३० टक्के धरलं, पण आजाराचा सेवेशी संबंध नाही म्हणून पेन्शन नाकारली. आम्ही अपील केलं नाही. आता मंजूर झाली तर १९९८ पासूनचे पैसे मिळतील का? (एक वाचक, खटाव तालुका)

उत्तर: हक्क १९९८ मध्ये सेवा संपली त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनचा आहे. थकबाकी मात्र तेवढी मागची मिळत नाही. तरसेम सिंग खटल्यात १९८३ मध्ये बोर्ड झालेला जवान १९९९ मध्ये कोर्टात गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवलं की दरमहा बुडणारी पेन्शन ही चालू राहणारी चूक आहे, म्हणून उशीर झाला तरी दावा चालतो; पण थकबाकी दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांचीच.

म्हणजे १० जून २०२६ ला अर्ज दाखल झाला, तर पैसे १० जून २०२३ पासूनचे. वर्षभर थांबलात तर बारा महिन्यांची रक्कम कायमची गेली. ज्याच्या हाती बोर्डाचे कागदच कुणी दिले नाहीत, त्याच्यावर हा अन्याय आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. पण अशा दाव्यांत सहसा हाच नियम लावतात, म्हणून तारीख सांभाळा.

लोक इथेच फसतात. वर्षानुवर्षं विनंतीपत्रं पाठवत राहतात. त्या पत्रांनी तीन वर्षांची मोजणी मागे सरकत नाही. ती लष्करी न्यायाधिकरणातल्या अर्जाच्या तारखेवरून होते. म्हणून रेकॉर्ड ऑफिसला (रेजिमेंटच्या जवानांची सेवा-कागदपत्रं ठेवणारं कार्यालय) अपील रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. सहा महिने उत्तर आलं नाही तर न्यायाधिकरणाचा रस्ता मोकळा होतो. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबई खंडपीठ आहे. मूळ अर्जासोबत विलंब माफीचा अर्ज जोडायला विसरू नका.

कागद तीन लागतील: डिस्चार्ज बुक, नकाराचं पत्र आणि मेडिकल बोर्डाची कार्यवाही, म्हणजे एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे; दुसरी रेजिमेंट असेल तर तिच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. पेन्शन न मिळालेल्यांची सेवा-कागदपत्रं साधारण २५ वर्षांनी नष्ट करतात. तुमची मुदत उलटून गेली आहे, तेव्हा घरातली ट्रंक आधी नीट शोधा.

एएफएमएसएफ-१६ मिळाला तर त्यात दोन गोष्टी बघा: टक्केवारी आणि आजाराच्या कारणाचा रकाना. भरतीच्या वेळच्या तपासणीत फिट्सची नोंद नसेल, तर आजार सेवेत झाला असं धरलं जातं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर येते. धरमवीर सिंग निकाल (२०१३) नेमका फिट्सवरच आहे. बोर्डाने नुसतं ‘संबंध नाही’ लिहून कारण दिलं नसेल, तर तुमची बाजू भक्कम. शिवाय बोर्डावर घरी पाठवलेल्यांचं ३० टक्के अपंगत्व ५० टक्के धरतात.

प्रश्न: वडील मध्येच वारले तर?

उत्तर: आई वारस म्हणून दावा पुढे चालवू शकते. मृत्यूच्या दिवसापर्यंतची थकबाकी तिला मिळते. कुटुंब निवृत्तिवेतनाची मागणी वेगळी, पण त्याच अर्जात स्पष्ट लिहा.