बँकॉकला किडे चाखणार असाल तर

पहिल्याच दिवशी विंचवाच्या काडीला हात घालू नका. खाओ सान रस्त्यावर तो मुख्यतः फोटोसाठीच खपतो. तोंडात येतं ते नुसतं कडक कवच. सुरुवात बांबूअळीने करा. थाई लोक तिला ‘रोत दुआन’ म्हणतात, म्हणजे एक्सप्रेस गाडी! तळली की आतून पोकळ, हलकी, बटाट्याच्या सळीसारखी कुरकुरीत लागते.

मग रातकिडा. थायलंडमध्ये ते मुद्दाम पाळतात. गाडीवरची मावशी पुडी भरून वरून सोया सॉस फवारते, पांढरी मिरपूड भुरभुरते. मागचे काटेरी पाय आधी खुडा, नाहीतर घशाला टोचतात. भाजलेल्या जवळ्याची आठवण येईल बघा.

तेलाचा खवट वास आला तर सरळ पुढची गाडी गाठा.

आणि हे कळकळीने सांगतो: कोळंबी-खेकड्याने अंगावर गांध्या उठत असतील तर एकही किडा खाऊ नका. दोन्हींतली काही प्रथिनं इतकी सारखी असतात की तीच ॲलर्जी उसळू शकते. माझ्या मित्राने ‘दोनच तर खातोय’ म्हटलं, आणि ओठ सुजून रात्र दवाखान्यात काढली.

रेशमाच्या कोशातले किडे पुढच्या खेपेला. ते आतून पिठूळ असतात, वासही उग्र.