११ इंची २८८०×१८०० टॅबमध्ये नेमका काय फरक दिसेल? जुनी अ‍ॅप्स त्यावर नीट चालतील का?

तुमच्याकडे सध्या १०.१ इंची, १२८०×८०० स्क्रीनचा अँड्रॉइड टॅब आहे आणि ११ इंची, २८८०×१८०० वाला मागवलाय. मराठी पुस्तकांच्या पीडीएफ, ई-पेपर, मुलीचा अभ्यास आणि अधूनमधून सिनेमा एवढा वापर तुम्ही लिहिलाय. त्या वापरासाठी माझं मत असं: वाचनासाठी घेत असाल तर पैसे वसूल होतील. निव्वळ सिनेमासाठी घेत असाल तर १९२०×१२०० मध्येही भागलं असतं.

आधी हिशेब. जुन्या स्क्रीनवर सुमारे १० लाख पिक्सेल आहेत, नव्यावर जवळजवळ ५२ लाख. जाहिरातीत हे ‘पाचपट’ म्हणून येतं. डोळ्यांना मात्र एका इंचात किती पिक्सेल बसतात याच्याशी मतलब. तो आकडा १४९ वरून ३०९ वर जातो, म्हणजे दुपटीच्या किंचित वर. एका पिक्सेलची रुंदी ०.१७ मिलिमीटरवरून ०.०८ वर येते. चांगल्या नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. त्या हिशेबाने जुन्या टॅबचे पिक्सेल ५८ सेंटिमीटरपर्यंत जाणवतात आणि नव्याचे २८ सेंटिमीटरपलीकडे दिसेनासे होतात. टॅब आपण साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरवर धरतो, त्यामुळे फरक नक्की दिसेल. ११ इंचावर १९२०×१२०० असेल तर ही मर्यादा ४२ सेंटिमीटर येते, म्हणजे अगदी काठावर. ३०९ च्या पुढच्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

हा फरक इंग्रजीपेक्षा देवनागरीत जास्त जाणवतो. १० पॉइंटच्या मजकुराला जुन्या स्क्रीनवर उंचीत जेमतेम २१ पिक्सेल मिळतात. तेवढ्यात वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, मग शिरोरेषा, मग अक्षर आणि खाली उकार, असं सगळं कोंबावं लागतं. दीड पिक्सेल जाडीची शिरोरेषा काढताच येत नाही, म्हणून ती एखाद्या ओळीत बारीक तर पुढच्या ओळीत जाड किंवा करडी दिसते. ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांच्यातली पोकळी बुजते. ‘दऱ्या’मधला तो छोटासा आडवा र ‘य’ला चिकटतो. नव्या स्क्रीनवर त्याच अक्षराला ४३ पिक्सेल मिळतात आणि हे सगळं सुटं दिसतं. तासभर वाचून डोळे शिणतात की नाही, हे बरंचसं इथे ठरतं.

एक गैरसमज मात्र आधीच काढून टाका. पिक्सेल वाढले म्हणून स्क्रीनवर जास्त मजकूर मावेल असं नाही. अँड्रॉइड बटणं आणि अक्षरं पिक्सेलमध्ये मोजत नाही, ‘डीपी’ नावाच्या एककात (साधारण इंचाचा १६० वा भाग) मोजतं. घनता इंचाला १६० पिक्सेल धरली तर जुन्या टॅबची अरुंद बाजू ८०० डीपी होती. नव्याची, घनता ३२० धरली तर, ९०० डीपी होईल. म्हणजे काही जास्तीच्या ओळी मावतील, बाकी मांडणी तीच राहील. कंपन्या हा आकडा थोडा इकडेतिकडे ठेवतात. सगळं फार मोठं किंवा फार बारीक वाटलं तर सेटिंग्जमध्ये डिस्प्लेखाली ‘डिस्प्ले साइझ’ची पट्टी सरकवा. तेवढ्याने भागलं नाही तर ‘अबाउट’मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा (काही कंपन्यांत सिस्टिम व्हर्जनवर करावं लागतं), डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि ‘स्मॉलेस्ट विड्थ’ बदला. मूळ आकडा आधी कागदावर टिपून ठेवा. तिथे भलताच आकडा पडला तर बटणं इतकी बारीक होतात की परत तिथवर पोचणंही जिकिरीचं होतं.

आता अ‍ॅप्स. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण २०१२ सालचं आहे. ७ मार्चला अ‍ॅपलने तिसरा आयपॅड जाहीर केला. स्क्रीन तीच ९.७ इंचांची, पण १०२४×७६८ च्या जागी २०४८×१५३६. दोन्ही बाजू नेमक्या दुप्पट केल्यामुळे जुन्या एका पिक्सेलच्या जागी चार आले आणि जुनी अ‍ॅप्स न मोडता चालली. त्यातला जो मजकूर सिस्टिमच्या फाँटमधून उमटत होता तो अ‍ॅप अपडेट न होताही धारदार झाला. बटणांची आणि सजावटीची चित्रं, मोठ्या आकारातली दिलेली नसतील तर, मऊ आणि धुरकट दिसत राहिली. सगळ्यात वाईट अवस्था झाली ती पूर्ण पान चित्र म्हणून पाठवणाऱ्या मासिकांची: सुंदर स्क्रीनवर पुसट अक्षरं. मोठी चित्रं घातल्यावर अ‍ॅप्सचं वजनही वाढलं. मोबाइल नेटवर्कवरून डाउनलोड करायची २० एमबीची मर्यादा अ‍ॅपलने त्याच सुमारास ५० एमबी केली.

तुमच्या टॅबवरही नियम हाच आहे: जे फाँटमधून किंवा रेषांमधून उमटतं ते सुधारेल, जे चित्र म्हणून येतं ते त्या चित्राइतकंच राहील. सध्याच्या बहुतेक अ‍ॅप्सचे आयकॉन रेषांचे असतात, त्यामुळे धुरकट बटणं क्वचित दिसतील. आजची खरी अडचण मांडणीची आहे. फक्त फोनसाठी केलेलं अ‍ॅप आडव्या टॅबवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे टाकून मधल्या उभ्या चौकटीत उघडतं, नाहीतर एकच रकाना सगळ्या रुंदीवर ताणतं. बँकांची आणि सरकारी अ‍ॅप्स यात पुढे. २०२२ मध्ये अँड्रॉइड १२एल खास मोठ्या स्क्रीनसाठी आलं. अँड्रॉइड १६ पासून तर ६०० डीपीपेक्षा रुंद स्क्रीनवर ‘मी उभंच राहणार’ हा अ‍ॅपचा हट्ट सिस्टिम मानत नाही, पण अ‍ॅप त्या आवृत्तीसाठी बांधलेलं असेल तरच. त्यामुळे जुन्या अ‍ॅपला हा नियम लागू पडत नाही. नेहमीची अ‍ॅप्स कशी दिसतील हे घरबसल्या पाहायचं असेल तर संगणकावर प्ले स्टोअरच्या वेबसाइटवर अ‍ॅपचं पान उघडा आणि टॅबलेटच्या चिन्हाखालचे स्क्रीनशॉट बघा. तिथे काहीच नसेल तर ते अ‍ॅप टॅबसाठी कोणी मनावर घेतलेलं नाही असं समजा.

याच्याशी जोडलेली, पण रिझोल्यूशनशी संबंध नसलेली एक गोष्ट: तुमचा टॅब फक्त वायफायवाला असेल तर यूपीआय अ‍ॅप त्यावर सुरू होणार नाही, कारण नोंदणीच्या वेळी त्याच उपकरणातल्या सिमवरून एसएमएस जावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅप मात्र फोनच्याच नंबरवर जोडीचं उपकरण म्हणून चालतं.

आता पीडीएफ, कारण तुमच्या पैशाचा मुख्य हिशेब इथे आहे. मराठी पीडीएफ दोन जातींच्या असतात, टाइप केलेल्या आणि स्कॅन केलेल्या. ओळखायची खात्रीची खूण म्हणजे एखादं अक्षर ४०० टक्के मोठं करून त्याची कड पाहणं. कड गुळगुळीत राहिली तर फाँट, दातेरी किंवा पुसट झाली तर स्कॅन. (मजकूर निवडता येतो का हे पाहून फसायला होतं, कारण ओसीआर केलेल्या, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाने ओळखून ठेवलेल्या, स्कॅनमध्येही तो निवडता येतो.) फाँटवाली पीडीएफ नव्या स्क्रीनवर छापील पानाच्या तोडीची दिसेल. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधली फाइलही, फाँट आत बसवलेला असेल तर, तशीच सुरेख दिसते. फक्त शोध चालणार नाही आणि कॉपी केलं की अगम्य मजकूर येईल. त्याला कुठलीही स्क्रीन उपाय नाही.

स्कॅनचं गणित वेगळं. आपली बरीचशी पुस्तकं डेमी आकाराची, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांची असतात. तुमचा टॅब उभा धरला तर स्क्रीन ५.८३ बाय ९.३३ इंच आहे. म्हणजे डेमी पान जवळजवळ मूळ मापात बसतं. या आकाराची ही मोठीच सोय आहे, आणि जाहिरातीत तिचा उल्लेख नसतो. असं पान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलेलं असेल तर त्याची रुंदी १६५० पिक्सेल येते आणि तुमच्याकडे १८०० आहेत. स्कॅनमधला कण न् कण दिसेल. पण जालावर फिरणाऱ्या कितीतरी फाइली १०० ते १५० डीपीआयच्या आणि वर जेपेग दाबून छोट्या केलेल्या असतात. जुन्या स्क्रीनच्या भरडपणात अक्षरांभोवतीची ती करडी जळमटं लपत होती, नव्यावर ती स्पष्ट दिसतील. टॅब खराब निघाला असं समजून परत करू नका. इंटरनेट आर्काइव्हवरचं पुस्तक असेल तर पीडीएफऐवजी ‘सिंगल पेज प्रोसेस्ड जेपी२’ची (एकेका पानाच्या चित्रांची) झिप उतरवून पाहा. फाइल बरीच जड असते, पण पानं मूळ प्रतीची असतात. जागा आणि सवड असेल तर त्यातून स्वतःची पीडीएफ करता येते.

ए४ पानाचं मात्र जमत नाही. शाळेच्या वर्कशीट, विद्यापीठाच्या नोट्स, सरकारी जीआर हे सगळं ए४. पानाची रुंदी २१ सेंटिमीटर, स्क्रीनची १४.८. पान ७० टक्क्यांवर येतं आणि १२ पॉइंटचा मजकूर साडेआठ पॉइंटचा दिसतो. धारदार असला तरी बारीकच. यावर उपाय समास कापण्याचा. लिब्रेरा, रीडएरा, केओरीडर या अ‍ॅप्समध्ये ती सोय आहे. दोन्ही बाजूंचे दोन-दोन सेंटिमीटर कापले तर १७ सेंटिमीटर उरतात, प्रमाण ८७ टक्क्यांवर येतं आणि तोच मजकूर साडेदहा पॉइंटच्या आसपास वाचायला मिळतो. मुलीचा अभ्यास मुख्यतः ए४ कागदांवर असेल, तर याच पैशात थोडी कमी घनतेची पण १२ इंचांच्या वरची, चौरसाकडे झुकणारी स्क्रीन जास्त उपयोगी पडली असती. मोठं पान वाचताना पिक्सेलपेक्षा स्क्रीनचा आकार महत्त्वाचा.

ई-पेपरबद्दल फार आशा धरू नका. वर्तमानपत्राचं पान बहुधा चित्र म्हणूनच येतं आणि झूम केल्यावर किती स्पष्ट दिसायचं ते पाठवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. बातमीवर टॅप करून मजकूर वेगळा उघडायची सोय असेल तर ती वापरा, तो फाँटमधून उमटतो. पान पीडीएफ म्हणून मिळत असेल तर तेही बघा.

सिनेमाचं थोडक्यात. १०८० वर मिळणारा व्हिडिओ नव्या स्क्रीनवर दीडपट ताणून दाखवला जातो. तो चांगला दिसतो, पण २८८० चा होत नाही. १६:९ चित्राला वर-खाली सात-सात मिलिमीटरचे काळे पट्टे राहतील. खरं तपासायचं ते वाइडवाइन, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणारी गूगलची व्यवस्था; तिच्या एल१, एल३ अशा पातळ्या असतात. टॅबला एल१ प्रमाणपत्र नसेल, एल३ असेल, तर नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅप्स ४८० च्या वर जात नाहीत, स्क्रीन कितीही भारी असली तरी. नेटफ्लिक्सच्या अ‍ॅप सेटिंग्जमध्ये ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’ उघडलं की पातळी आणि कमाल रिझोल्यूशन दोन्ही दिसतात. परत देण्याची मुदत संपायच्या आत हे बघाच. त्याच दिवशी पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं असं प्रत्येकी एक कोरं चित्र पूर्ण स्क्रीनवर उघडून मेलेले पिक्सेल आणि कडेने झिरपणारा उजेडही पाहून घ्या. काळं चित्र अंधारात पाहायचं.

या पिक्सेलचं ओझं आतल्या भागांवरही पडतं. पूर्ण स्क्रीनचं एक चित्र मेमरीत आधी ४.१ एमबी घेत होतं, आता २०.७ घेईल, मग मूळ फाइल कितीही छोटी असो. त्यामुळे या स्क्रीनबरोबर ४ जीबी रॅम असेल तर ब्राउझरमधून पीडीएफकडे जाऊन परत आलं की पान पुन्हा लोड होत बसेल. ८ जीबी हवी. खेळ अडखळत असतील तर त्यांच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये रिझोल्यूशन मधल्या पायरीवर आणा, हलत्या चित्रात फरक कळत नाही.

बॅटरीचंही तसंच. एलसीडीत पिक्सेल लहान झाले की उजेड पलीकडे जायला वाट कमी उरते आणि मागचा दिवा जास्त जाळावा लागतो. २०१२ च्या त्या आयपॅडमध्ये वापराचे तेच १० तास टिकवण्यासाठी बॅटरी २५ वरून ४२.५ वॉट-तासांवर न्यावी लागली, वजन सुमारे ५० ग्रॅमने वाढलं, आणि १० वॉटच्या चार्जरवर ती भरायला त्याच प्रमाणात जास्त वेळ लागू लागला. तुमच्या टॅबबरोबर आलेला चार्जरच वापरा. जुन्या टॅबचा १० वॉटचा लावलात तर रात्रभर लावून ठेवावा लागेल.

आणि ‘पेपर फील’वाला खरबरीत स्क्रीनगार्ड लगेच चिकटवू नका. बारीक पिक्सेलवर त्याचा पृष्ठभाग उजेड फोडतो, पांढऱ्या पानावर साखरेसारखी चमचम दिसते आणि अक्षरांची कड मऊ होते. मुलगी पेनने लिहिणार असेल तर त्याचा उपयोग आहे. वाचनासाठी साधी, गुळगुळीत काच लावा.